रुम्ततवत

आमच्या वाचनालयाची चिठ्ठी दारात पडली तेव्हा मी गुन्हेगार होतोच. पुस्तक ५ ऑगस्टला परत द्यायचं होतं आणि ऑगस्ट संपायला आला होता. पण चिठ्ठी उघडली आणि अपराधाची भावना कुठल्या कुठे पळाली. त्यात छापलं होतं : ‘आपणाकडील पुस्तक दि. ०५ध्०८ध्२०११ रोजी परत येणे अपेक्षित होते. आजपावेतो दंड रु. १२ण्५०.’

बायकोने चष्मा लावून ती दोनदा वाचली.

“बारा ण् पन्नास म्हणजे किती हो?”

मी म्हटलं, पूर्वी आणे असत, पै असत, तसा काही तरी ण् असेल. शिवाय दंडाचा पायच मोडलेला आहे. असा लंगडा दंड भरायची घाई कशाला? तिला ते फारसं पटलं नाही, पण माझं समाधान झालं. चिठ्ठी खिशात घालून मी वाचनालयात गेलो. पुस्तक मात्र घरीच राहिलं, कारण शेवटची चाळीस पानं वाचायची होती.

देवघेवीच्या टेबलापाशी ग्रंथपाल काका कॉम्प्युटरकडे पाठ करून बसले होते. भांडण झालेलं जोडपं एकाच बाकावर बसतं, तसे. मला बघून ते उठलेच.

“बरं झालं तुम्ही आले. तुम्ही बँकेत कॉम्प्युटरवरच होते ना जी?”

खरं सांगायचं तर मी बँकेत कॉम्प्युटरच्या शेजारी होतो. पण नागपुरात कोणी इतक्या आर्जवाने ‘जी’ लावलं की माणसाला आपल्या पात्रतेचा विसर पडतो. मी खुर्ची ओढली आणि पुढले तीन महिने तिच्यावरून उठलो नाही.

वाचनालयाचा सगळा संसार ॲक्सेसच्या एका फाइलमध्ये होता. सभासद, पुस्तकं, वर्गणी, अनामत, दंड, सगळं. कुणीतरी जाणत्या माणसाने तो काही वर्षांपूर्वी मांडून दिला होता आणि मग नोकरीनिमित्त तो परगावी निघून गेला होता. ॲक्सेसमधला फॉर्म काय किंवा रिपोर्ट काय, दोन्ही म्हणजे चौकटींची चाळ. नावाची चौकट, तारखेची चौकट, रकमेची चौकट, आणि प्रत्येक बिऱ्हाडाचा फॉन्ट वेगळा. मूळ माणसाने नावाला कृतिदेव ०१० दिला होता आणि तारखेला नि रकमेला साधा एरियल. अध्यक्षांच्या पुतण्याला, जो बारावीनंतर मोकळाच होता, ही विसंगती खटकली. त्याने डिझाइनमध्ये शिरून कंट्रोल धरून ए दाबला, चाळीतली सगळी बिऱ्हाडं एकदम पकडली आणि सरसकट कृतिदेव बहाल केला. समता आली. कृतिदेवमध्ये तिरकी रेघ म्हणजे ध् आणि टिंब म्हणजे ण्. तारखेत दोन तिरक्या रेघा असतात आणि पैशांत एक टिंब. बाकीचं तुम्ही चिठ्ठीत वाचलंच आहे.

कृतिदेव हा बहुरूपी आहे. त्याच्या पोटात मराठी नसतंच. तुम्ही ‘मराठी’ टाईप करता तेव्हा कॉम्प्युटरच्या लेखी जमा होतात ते लहान ई, जे, के, मोठा बी आणि लहान एच. त्या पाच इंग्रजी अक्षरांना फॉन्ट मराठी सोंग चढवतो आणि आपण समोर बसून दक्षिणा घालतो. सोंग उतरलं की आतली पाच अक्षरं उघडी पडतात. आणि सोंग नको त्याच्या अंगावर चढवलं की काय होतं, हे काकांनी मला एक वही उघडून दाखवलं.

हिरव्या पुठ्ठ्याची ती वही होती आणि वर लिहिलं होतं, ‘कॉम्प्युटरची वचने’. आत काकांच्या मोत्यासारख्या अक्षरात तारीखवार नोंदी. रुम्ततवत. त्याखाली पुन्हा रुम्ततवत. मग रुछंउमघ्. एका पानावर तर लाल शाईत रुक्मसमजमक.

“दंडाच्या चौकटीत येते हे,” काका आवाज खाली आणून म्हणाले. “काहून येते, कळत नाही. मी आपल्या संस्कृतच्या गुरुजींना दाखवलं.”

गुरुजी म्हणजे वाचनालयाचे जुने सभासद, शाळेतून निवृत्त. त्यांनी दोन दिवस मागून घेतले होते आणि मग निवाडा दिला होता, तोही वहीत होता : ‘शेवटी क्तवतु प्रत्यय असावा. भूतकाळ दिसतो. कोणी तरी काही तरी केले आहे. धातू लागत नाही.’

इतकं अचूक निदान मी पुढच्या तीन महिन्यांत कुठल्याही तज्ज्ञाकडून ऐकलं नाही. ॲक्सेसला एखादा हिशेब जमला नाही की तो त्या चौकटीत हॅशचं चिन्ह काढून पुढे इंग्रजीत ‘एरर’ लिहितो. चौकटीचा फॉन्ट कृतिदेव असेल तर हॅशचा होतो रु, मोठ्या ईचा म्, आरचा त, ओचा व. रुम्ततवत. कोणी तरी काही तरी केलेलं असतंच. चौकटीला जे नाव शोधायला सांगितलं ते सापडलं नाही की ‘नेम’ आणि प्रश्नचिन्ह येतं, त्याचं रुछंउमघ्. आणि देवघेवीच्या कॉम्प्युटरवर एखादी नोंद उघडी असताना कार्यालयातल्या कॉम्प्युटरवरून ती कोणी पुसून टाकली, की ‘डिलीटेड’ येतं. तोच आपला रुक्मसमजमक. कौंडण्यपूर, रुक्मिणीचं माहेर, आमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात आहे. त्यामुळे हा कोणी रुक्मीच्या दरबारातला असामी असेल अशी माझी पहिली समजूत झाली होती, आणि ती मला अजूनही मूळ अर्थापेक्षा आवडते.

मी तारखेच्या आणि रकमेच्या चौकटींना एरियल परत दिला. रुम्ततवत अंतर्धान पावलं आणि जागी इंग्रजी ‘एरर’ आलं. काकांचा चेहरा पडला. “म्हणजे चूकच होती होय?” ते म्हणाले. वही मात्र त्यांनी जपून कपाटात ठेवली.

एवढ्यावर मी थांबायला हवं होतं. पण डॉक्टरने स्टेथोस्कोप लावला की रोगी सगळंच सांगू लागतो. काका म्हणाले, देशमुख सापडत नाहीत.

आता विदर्भात देशमुख सापडत नाही म्हणजे समुद्रात मीठ सापडत नाही. पण खरंच, शोधाच्या चौकटीत देशमुख लिहिलं की कॉम्प्युटर ‘सिंटॅक्स एरर’ म्हणून अंगावर येई. शिंदे लिहा, तेच. शेंडे, देशपांडे, तेच. ठाकरे, राऊत, मेश्राम मात्र सुरळीत. एक संपूर्ण दुपार मला यात जातीपासून ज्योतिषापर्यंत सगळं दिसून गेलं. मग ताईंनी सहज सांगितलं, “भाऊ, ज्यांच्यात शहामृगाचा श आहे ना, ते अडकतात.”

ताई म्हणजे वाचनालयाच्या टायपिंगवाल्या ताई. टायपिंग इन्स्टिट्यूटच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसून, रेमिंग्टनच्या यंत्रावर मराठी चाळीस पास झालेल्या. कृतिदेवची मांडणी त्याच टाईपरायटरवरून आलेली, म्हणून टाईपरायटर गेला तरी त्यांची बोटं बेकार झाली नव्हती. त्यांचं बरोबर होतं. कृतिदेवमध्ये श काढायला आधी एक वरचा स्वल्पविराम लागतो आणि मग के. आणि ॲक्सेसला ‘या नावाचा माणूस शोध’ असं सांगताना ते नाव अशाच दोन स्वल्पविरामांच्या कंसात द्यायची पद्धत. मूळ माणसाने तसंच दिलं होतं. मग देशमुखांच्या पोटात स्वल्पविराम आला की ॲक्सेसला वाटे नाव ‘दे’ इथेच संपलं, आणि उरलेला मुख कुठून आला म्हणून तो ओरडे. नावातला स्वल्पविराम दुप्पट करून द्यायचा, एवढाच उपाय. तो केला आणि देशमुख, शिंदे, शेंडे मंडळी एका रांगेत येऊन उभी राहिली.

दुसरी तक्रार अधिक गहन होती. विषयांच्या यादीत ‘देव’ असताना ‘दैव’ भरता येत नव्हतं. असा विषय आधीच आहे, दुबार नोंद चालणार नाही, असं कॉम्प्युटर म्हणे. कृतिदेवमध्ये एक मात्रा लहान एसची आणि दोन मात्रा मोठ्या एसच्या. आणि ॲक्सेस शब्द ताडून बघताना लहानमोठ्या इंग्रजी अक्षरांत भेद करत नाही. त्याच्या लेखी देव आणि दैव एकच, बेल आणि बैलही एकच. हे ऐकून गुरुजी इतके खूश झाले, की त्यांनी याच विषयावर वाचनालयात व्याख्यान द्यायची तयारी दाखवली. काकांनी मोठ्या कष्टाने ते श्रावणापर्यंत लांबवलं, आणि श्रावण तर कालच संपला होता.

सभासदांच्या यादीचं तर सांगायलाच नको. यंत्र आतल्या इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने लावणार, म्हणून बाराखडी ब, क, म, ह, प, र, स अशी चाले. य अर्धविरामावर बसलेला असल्याने यावलकर सगळ्यांच्या पुढे. पहिल्या वेलांटीने सुरू होणारे किनखेडे, गिरडे, निनावे, विटणकर, यांचा स्वतंत्र मोहल्ला, कारण टाईपरायटरवर वेलांटी अक्षराच्या आधी मारतात. आणि आगलावे, जे बालवाडीपासून प्रत्येक हजेरीत पहिले उभे राहिले, ते शेवटून तिसऱ्या पानावर. ते एकदा यादी बघायला आले होते. बराच वेळ पहिल्या पानावर बोट फिरवत राहिले. मग आपण मेलो की काय, अशा नजरेने त्यांनी काकांकडे पाहिलं.

सप्टेंबरात एका सभासदाने नवा कॉम्प्युटर भेट दिला. हार घातला, नारळ फोडला, फाइल पेन ड्राइव्हवरून त्यात घातली आणि उघडली. सगळी चाळ इंग्रजी! फाइल आली होती, फॉन्ट आला नव्हता. ॲक्सेस आपल्या फाइलमध्ये फॉन्टचं नुसतं नाव लिहून ठेवतो. तो फॉन्ट कॉम्प्युटरवर नसेल तर विंडोज कुरकुर न करता दुसरा कुठला तरी चढवतं, आणि सोंगाखालची अक्षरं उघडी पडतात. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुतण्याकडे पाहिलं. पुतण्याने नारळाकडे पाहिलं.

ताई पुढे आल्या, पडद्यावर जरा वाकल्या आणि वाचू लागल्या. एफ, वरचा स्वल्पविराम, के, ए, एन, एस असलं काहीबाही आम्हाला दिसत होतं आणि त्या म्हणत होत्या, “शिंदे, वर्गणी बाकी. मग हे आपले विजयभाऊ. ह्या मेश्रामबाई, यांचं पुस्तक आलंय परत.” कुठे अडखळणं नाही. त्या अक्षरं वाचत नव्हत्याच, त्यांची बोटं टेबलावर किंचित हलत होती आणि तोंड बोटांच्या मागे चालत होतं.

“काही नाही हो भाऊ,” नंतर चहा पिताना त्या म्हणाल्या, “उलटंच झालंय माझं. पाकिटावर इंग्रजीत नागपूर लिहिलेलं असलं ना, की मी पहिल्यांदा छंहचनत वाचते.”

मी ताबडतोब कागद घेऊन ताडून पाहिलं. मोठा एन छ, एचा अनुस्वार, जीचा ह. छंहचनत. तिथे मी जन्मलो, वाढलो, निवृत्त झालो.

फॉन्टची फाइल नव्या कॉम्प्युटरच्या फॉन्ट्सच्या फोल्डरमध्ये टाकली की काम भागलं असतं. भागलंही. पण देव आणि दैव, आगलावे आणि त्यांची ती नजर, यामुळे माझ्या डोक्यात युनिकोड शिरलं. युनिकोडमध्ये म हा मच असतो, आतबाहेर एक. ‘मराठी’ची तिथेही पाचच चिन्हं, पण ती पाचही आपलीच. रूपांतर करून देणारा प्रोग्रॅम मी मिळवला. त्याचं मुख्य काम वेलांट्या आणि रफार हलवणं. टाईपरायटर डोळ्यांचं ऐकतो, म्हणून ‘वि’ची वेलांटी आधी आणि ‘धर्म’चा रफार शेवटी. युनिकोड कानाचं ऐकतं, म्हणून वेलांटी मागून आणि रफार आधी. हे हलवाहलवीचं काम प्रोग्रॅमने पाच मिनिटांत केलं. आणि त्याच झपाट्यात इंग्रजी पुस्तकांची नावंही मराठी केली. प्रकाशनस्थळाच्या रकान्यात पार खालपर्यंत छंहचनत, छंहचनत. शीर्षकांतल्या ‘इंडिया’चं प्दकपं. ताईंनी माझ्याकडे पाहिलं आणि काही बोलल्या नाहीत. तेवढं पुरे होतं. इंग्रजी नोंदी वेगळ्या काढून सगळं पुन्हा करावं लागलं.

युनिकोडसाठी मंगल फॉन्ट घेतला. विंडोजबरोबर तेव्हा तो आयताच मिळे, आणि तो रेखाटला आपल्या र. कृ. जोशींनी. कवी, सुलेखनकार, मुंबईच्या आयआयटीतले प्राध्यापक. हे कळल्यावर काकांचा त्या फॉन्टवर एकदम विश्वास बसला. ज्याने अक्षरावर प्रेम केलं त्याचं अक्षर, असं काहीतरी ते म्हणाले. जुन्या दोन कॉम्प्युटरांवर मात्र विंडोज एक्सपी होतं आणि तिथे भारतीय लिप्यांची जोडाक्षरं नीट जुळायला सेटिंगमध्ये एक खूण करावी लागते. खूण केली की ते सीडी मागतं. ती सीडी शोधण्यात दसरा गेला. सापडली दुर्मीळ ग्रंथांच्या कपाटात, दाखल क्रमांकासह.

मंगलची अंगकाठी उंच. एरियलच्या मापाने बांधलेल्या चौकटीत तो उभा राहिला की डोक्यावरचे अनुस्वार आणि पायातले उकार कापले जात. मुळे यांची वर्गणीची पावती मळे यांच्या नावाने निघाली. दुर्दैवाने, किंवा युनिकोडपूर्व भाषेत दुर्देवाने, मळे नावाचेही सभासद होते. त्यांनी दुसऱ्याची वर्गणी भरायला नकार दिला, जे योग्यच होतं, आणि मुळ्यांनी आपली भरली नाही, जे त्यांच्या स्वभावाला धरून होतं. मजकुराच्या चौकटीला ‘कॅन ग्रो’ म्हणजे वाढायची परवानगी देता येते, शीर्षकाच्या चौकटीला तीही सोय नाही. हाताने एकेक चौकट खाली ओढत मी दिवाळीचे दोन दिवस घालवले. बायको म्हणाली, घरात एक पडदा लावायचाय, तोही असाच खाली ओढता आला तर बघा.

मग कादंबऱ्या दोनदा येऊ लागल्या. रिपोर्टमध्ये ‘कादंबऱ्या’ हा गट, त्याखाली शे-दोनशे पुस्तकं, आणि पुन्हा ‘कादंबऱ्या’ हाच गट, त्याखाली तीस. डोळ्यात तेल घालून पाहिलं तरी फरक नाही. तो आडव्या झोपलेल्या र-चा, म्हणजे आपल्या मराठीच्या लाडक्या पापणीच्या र-चा, प्रताप होता. युनिकोडमध्ये तो काढायच्या दोन रीती आहेत. एकीत खाली टिंब असलेला ऱ घेतात, दुसरीत साधा र घेऊन त्याला डोळ्यांना न दिसणारं जोडचिन्ह लावतात. प्रोग्रॅमने एक रीत वापरली होती, नव्या नोंदी भरणाऱ्या पुतण्याने दुसरी. दिसायला जुळे, पण कुंडल्या वेगळ्या. आतबाहेर एक असल्याची माझी शेखी तिथेच थोडी उतरली.

उरलीसुरली उतरली ती ‘ॲ’ने. या अक्षराला युनिकोडने स्वतःची जागा दिली २००८ साली. विंडोज एक्सपी आलं २००१ मध्ये. तेव्हा देवघेवीच्या जुन्या कॉम्प्युटरवर ॲटलसच्या जागी नुसता रिकामा चौकोन आणि पुढे टलस. मी फॉर्मच्या मथळ्यावर हौसेने लिहिलं होतं, ‘वाचनालयाची ॲक्सेस नोंदवही’. तिथेही चौकोन आणि क्सेस. ज्याच्या घरात राहायचं त्याचंच नाव दारावर लिहिता येईना. शेवटी ‘वाचनालयाची नोंदवही’ एवढंच ठेवलं, आणि तेच बरं दिसत होतं.

सगळ्यात त्रास झाला ताईंना. बोटांना वेलांटी आधी मारायची सवय. युनिकोडमध्ये तशी मारली की टिंबाटिंबांचं एक पोकळ वर्तुळ येतं आणि त्याला वेलांटी लटकते, कुणाची वाट बघत असल्यासारखी. पहिल्या आठवड्यात ‘विजय’ लिहिताना ते वर्तुळ आलं की त्या खजील होऊन पुसत. मी म्हटलं, रेमिंग्टनच्या सवयीचा कीबोर्ड युनिकोडलाही मिळतो, तो बसवून देतो. त्या म्हणाल्या, “नको भाऊ. लहानपणी बोलतानाही आधी ‘व’ म्हणायचो, मग ‘वि’. येईल.” आणि आलं. नोव्हेंबरच्या अखेरीस त्यांची गती पुन्हा चाळिसावर आली होती. फक्त एखादी लांबलचक नोंद भरून झाली की त्यांची बोटं क्षणभर टेबलावर जुन्या ठिकाणी वाजत.

३० नोव्हेंबरला काम संपलं. आगलावे यादीत पहिले आले. मुळे आणि मळे वेगळे झाले. दैवालाही देवाशेजारी जागा मिळाली. काकांनी चहा मागवला, गुरुजी आले, अध्यक्षांनी चार शब्द सांगितले. मग काकांनी नव्या रिपोर्टमधून एक चिठ्ठी छापून काढली, ती उजेडात धरून पाहिली, मान डोलावली आणि माझ्या हातात दिली. अक्षर सुरेख होतं. एक उकार कापलेला नव्हता.

‘आपणाकडील पुस्तक दि. ०५/०८/२०११ रोजी परत येणे अपेक्षित होते. आजपावेतो दंड रु. ५८.५०.’

मी चिठ्ठी उलटसुलट केली.

“काका,” मी म्हटलं, “या आकड्यात काहीतरी रुम्ततवत दिसतंय.”

काकांनी चष्मा लावला, चिठ्ठी परत घेतली आणि शांतपणे पूर्ण वाचली.

“नाही जी,” ते म्हणाले. “सुटे आहेत ना?”